गिरडच्या टेकडीवरील पाषाणफळे

वर्धा जिल्ह्याच्या पूर्व सीमेलगत, समुद्रपूर तालुक्यात, गिरड नावाचे एक गाव आहे. वर्धा शहरापासून ते सुमारे ३७ मैलांवर, म्हणजे साठ किलोमीटरांच्या आसपास पडते. गावाशेजारच्या टेकडीवर शेख ख्वाजा फरीद या अवलियाचे स्थान असून तेथे हिंदू आणि मुसलमान या दोन्ही समाजांचे यात्रेकरू पिढ्यान् पिढ्या येत आले आहेत. दर्ग्याची ख्याती मोठी खरी. परंतु टेकडीची कीर्ती दूरवर नेली ती तिच्या माथ्यावर विखुरलेल्या दगडांनी. हे दगड साधे नव्हेत. कोणी सुपारीएवढा, कोणी जायफळाएवढा, कोणी चांगला नारळाएवढा. बहुतेक गोल किंवा लंबगोल. आणि फोडून पाहिले तर आत पांढरे. एखाद्या किराणा दुकानाची पोती टेकडीवर फुटावी आणि माल चहूकडे सांडावा, तसा हा देखावा आहे.

लोकांनी त्याचा अर्थही तसाच लावला. दोन फिरते व्यापारी आपला माल घेऊन या वाटेने चालले होते. फकिराला पाहून त्यांनी त्याची थट्टा केली. त्याने त्यांचा सगळा माल दगड करून टाकला. व्यापारी घाबरले, पाया पडले, क्षमा मागू लागले. तेव्हा अवलियास दया आली आणि त्याने वाळलेल्या पाचोळ्यातून त्यांना नवा माल निर्माण करून दिला. हा अधिकार पाहून दोघेही त्याच्या सेवेस कायमचे राहिले. टेकडीवरील दोन कबरी त्यांच्याच होत, असे सांगतात.

मध्य प्रांताच्या चार्ल्स ग्रँट यांनी संपादिलेल्या १८७० च्या गॅझेटिअरात ही कथा नमूद झाली आहे. वर्धा हा स्वतंत्र जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा निघाला. तेव्हा नव्या जिल्ह्याची जी काही वैशिष्ट्ये सांगण्याजोगी होती, त्यांत गिरडचा समावेश होणे स्वाभाविकच होते. गॅझेटिअरकारांनी कथा सांगितली आणि दगडांना एक शास्त्रीय विशेषण लावले: हे ‘झिओलाइटी’ गोळे आहेत. एवढे लिहून ते पुढच्या गावाकडे वळले. सरकारी ग्रंथाची रीत तीच असते. परंतु त्या एका विशेषणात जे सामावले आहे ते कथेइतकेच नवलाचे आहे, आणि ते उलगडून पाहणे अगत्याचे आहे.

आधी कथेचाच विचार करू. स्थानिक परंपरा अशी की, फरीद हे मूळचे हिंदुस्थानातले, म्हणजे उत्तरेकडचे. तीस वर्षे फकिरी वेषात भ्रमण करून ते सन १२४४ च्या सुमारास गिरडला स्थिरावले. आता इतिहासाला सुपरिचित असलेले बाबा फरीद, फरीदुद्दीन मसूद ‘गंज-ए-शकर’, हे मुलतानच्या परिसरात बाराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात जन्मले, पंजाबातील अजोधन येथे राहिले आणि १२६५-६६ च्या सुमारास तेथेच निवर्तले. अजोधनचेच नाव पुढे पाकपट्टण झाले, आणि त्यांची कबरही तेथेच आहे. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात ज्यांची वचने आदराने संगृहीत आहेत ते हेच. तेव्हा १२४४ मध्ये गिरडास येऊन राहिलेला फरीद हा एकतर त्याच नावाचा दुसरा कोणी साधुपुरुष असला पाहिजे, नाहीतर त्या थोर सूफीच्या नावाने येथे एखादी गादी, एखादे चिंतनस्थान स्थापन झाले असले पाहिजे. चिश्ती संप्रदायाचा प्रसार दक्षिणेत कसा झाला हे पाहता दुसरा पर्याय मुळीच अशक्य नाही.

या तर्काला कथेच्या अंगानेही पुष्टी मिळते. ‘गंज-ए-शकर’ याचा अर्थ साखरेचा ठेवा. हे बिरुद कसे पडले याविषयी पंजाबात अनेक आख्यायिका आहेत. एकीत भुकेल्या फरीदांनी तोंडात घातलेले खडे साखर झाले. दुसरीत साखरेची पोती घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांनी विचारले, ‘पोत्यांत काय आहे?’ कंजूष व्यापारी म्हणाला, ‘मीठ.’ ‘तर मग मीठच असो,’ असे फरीद म्हणाले आणि मुक्कामावर पोती उघडून पाहतो तो सगळे मीठ! व्यापारी धावत परत आला, त्याने माफी मागितली, आणि मिठाची पुन्हा साखर झाली.

खडे, व्यापारी, शाप आणि पश्चात्ताप ही गिरडच्या कथेची सारी सामग्री येथे तयारच आहे. मात्र एका ठिकाणी फरक पडला आहे आणि तो फार बोलका आहे. पंजाबच्या कथेत मिठाची साखर होते, म्हणजे मूळ माल परत मिळतो. गिरडला मात्र दगडांचे पुन्हा नारळ होत नाहीत. व्यापाऱ्यांना पाचोळ्यातून दुसराच माल करून द्यावा लागतो. असे का? कारण उघड आहे. दगड टेकडीवर पडलेले सर्वांना दिसत होते. कथेला ते नाहीसे करता येईनात. दूरदेशाहून आलेल्या आख्यायिकेला गिरडच्या भूमीने आपल्यापुरती दुरुस्ती करावयास लावली, असे म्हणावयास हरकत नाही.

अशा कथा केवळ आपल्याकडेच आहेत असेही नाही. पॅलेस्टाइनमध्ये कार्मेल पर्वतावर गोल, आतून पोकळ आणि स्फटिकांनी भरलेले दगड सापडतात. त्यांस ‘एलियाची कलिंगडे’ म्हणतात. एलिया प्रेषिताने मळेवाल्याकडे फळ मागितले, त्याने ‘ही फळे नव्हेत, दगड आहेत’ असे खोटे सांगितले, आणि मळा दगडांचा झाला. बेथलेहेमच्या वाटेवर वाटाण्याएवढ्या खड्यांचे एक शेत आहे, त्याचीही कथा याच घाटणीची. मनुष्याने दगडाला फळाचा आकार दिसताच तेथे एक खोटे बोलणारा मनुष्य आणून उभा केला आहे.

शास्त्राच्या अभिमान्यांनी येथे हसण्याची घाई करू नये. या प्रकारच्या खडकाला भूगर्भशास्त्रज्ञांनी जे नाव दिले आहे ते ‘अमिग्डलॉइड’, आणि हा शब्द ग्रीक भाषेतील बदामाच्या नावावरून आलेला आहे. खडकात रुतलेल्या प्रत्येक गोटीला शास्त्रात बदामच म्हणतात! वर्ध्याच्या शेतकऱ्याने सुपारी पाहिली, युरोपच्या पंडिताने बदाम पाहिला, दृष्टी एकच.

हे बदाम खडकात आले कसे? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिम आणि मध्य भारतात भूमीला पडलेल्या भेगांतून लाव्ह्याचे प्रचंड लोट वेळोवेळी बाहेर आले. ते एकावर एक थिजत गेले आणि त्यांचा काळा दगड, ज्याला बेसॉल्ट म्हणतात, आजही जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. सह्याद्री त्याचाच, आणि पूर्वेकडे नागपूर-चांद्याच्या बाजूला हा थर पातळ होत होत जेथे संपू लागतो, त्या काठावर गिरड आहे. रसरशीत लाव्ह्यात वायू कोंडलेला असतो. सोडावॉटरच्या बाटलीचे बूच काढताच जसे बुडबुडे वर धावतात तसा हा वायू वर चढतो. परंतु वरचा पापुद्रा आधीच थिजलेला असल्याने बुडबुडे तेथेच अडकतात. म्हणून प्रत्येक लोटाचा मधला भाग घट्ट आणि वरचा भाग सच्छिद्र. लाव्हा वाहता असेल तर बुडबुडे ताणले जाऊन लांबट होतात. हाच बदामाचा आकार. विहिरी खणणारे या सच्छिद्र थराला मांजऱ्या म्हणतात आणि घट्ट काळ्या पाषाणापेक्षा येथे पाणी लागण्याचा संभव अधिक, हेही ते जाणतात.

पुढे या पोकळ्यांतून कोमट-ऊन पाणी झिरपत राहिले. वाटेतील खडक किंचित किंचित विरघळवून त्या पाण्याने सिलिका, ॲल्युमिना, चुना आणि सोडा उचलला, व पोकळीच्या भिंतींवर त्यांचे सूक्ष्म स्फटिक जमविले. स्फटिक भिंतीकडून आत वाढत गेले आणि पोकळी भरली. बाहेरून पुष्कळदा हिरवट वा तपकिरी मातीचा पातळ लेप, आत एका बिंदूतून पसरलेले शुभ्र तंतू, असा या गोटीचा छेद असतो. करवंटी आणि खोबरे यांची आठवण व्हावी, यात गैर ते काय? अखेर ऊन-पावसाने भोवतालचा बेसॉल्ट कुजून त्याची काळी माती होते, ती वाहून जाते, आणि सुटलेल्या गोट्या टेकडीच्या माथ्यावर मागे राहतात. पोती फुटली ती अशी.

आता या पदार्थाची ओळख जगाला कशी पटली ते पाहिले पाहिजे. स्वीडनमध्ये आक्सेल फ्रेड्रिक क्रोनस्टेट नावाचा एक खनिजतज्ज्ञ होता. निकेल हा धातू १७५१ मध्ये शोधून काढणारा तोच. खनिजाचा लहानसा तुकडा फुंकनळीच्या ज्योतीत धरून त्याचे वर्तन पाहण्यात त्याचा हातखंडा होता. १७५६ मध्ये एका तांब्याच्या खाणीतून आलेला व दुसरा आइसलँडहून आलेला असे काही तुकडे त्याने ज्योतीत धरले. तो ते फसफसून फुगू लागले आणि उकळी फुटावी तसे दिसू लागले. दगडाला उकळी! क्रोनस्टेटने ग्रीक भाषेतील ‘उकळणे’ आणि ‘दगड’ या दोन शब्दांचा समास करून त्याला झिओलाइट असे नाव दिले. मराठीत करावयाचे तर ‘उकळपाषाण’ म्हणता येईल. पण मूळ शब्दच आता रुळला आहे.

ही उकळी पाण्याची होती. दगडाच्या अंगात पाणी होते. पुढे असे दिसून आले की झिओलाइट हे एक खनिज नसून मोठे कूळ आहे. त्यात सोड्याचे नॅट्रोलाइट, चुन्याचे स्कोलेसाइट, पानांच्या जुडीसारखे दिसणारे स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, कॅबाझाइट अशी कितीतरी भावंडे आहेत. स्कोलेसाइटचे नाव मोठे गमतीचे आहे: तापविले असता त्याचा तुकडा अळीसारखा वळतो, म्हणून ग्रीक भाषेतील किड्याच्या नावावरून ते ठेवले. या सर्वांचे विशिष्ट गुरुत्व दोन ते सव्वादोनच्या आसपास असते, तर काळ्या पाषाणाचे तीनच्या जवळपास. म्हणजे सारख्याच आकाराचा झिओलाइटचा गोटा आणि पायवाटेवरचा काळा गोटा दोन हातांत धरले तर पहिला स्पष्ट हलका लागतो. ‘हा मूळचा दगड नव्हे’ अशी शंका ज्या कोणास पहिल्याने आली असेल, त्याच्या हाताने त्याला फसविले नव्हते.

महाराष्ट्राचे नाव या शास्त्रात फार लवकर आले. १८३१ मध्ये ब्रुक या इंग्रज खनिजतज्ज्ञाने पुण्याकडून आलेल्या एका तंतुमय खनिजाला पुण्यावरूनच ‘पूनाहलाइट’ असे नाव दिले. नंतरच्या पृथक्करणात ते पूर्वीच ज्ञात असलेल्या तंतुमय झिओलाइटांपैकीच ठरले आणि नाव बाद झाले. विदर्भाच्या वाट्यालाही असेच आले. नागपुरास १८४५ पासून राहिलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना धर्मप्रसाराइतकाच जीवाश्मांचा व दगडांचा नाद होता. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर. या दोघांनी मिळून नागपूर परिसराच्या भूगर्भावर १८५५ मध्ये लिहिलेला निबंध आजही आधारभूत समजला जातो. त्यांनी पाठविलेल्या नमुन्यांवरून १८५९ मध्ये हॉटन यांनी हिस्लोपाइट आणि हंटराइट अशी दोन नवी खनिजे जाहीर केली. हिस्लोपाइट हे हिरव्या द्रव्याने रंगलेले कॅल्साइट निघाले. हंटराइट हे एक प्रकारच्या चिकणमातीत जमा झाले. आज खनिजांच्या मान्य यादीत ही तिन्ही नावे नाहीत. स्वतः हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराने भरलेला ओढा घोड्यावरून ओलांडण्याच्या प्रयत्नात बुडाले. त्यांचे वय तेव्हा ४५ होते.

त्याच वर्षी बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. घाटातील बोगदे व खोदकामे चालली असता फोडलेल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांतून अपोफिलाइट, स्टिलबाइट आणि स्कोलेसाइट यांचे असे काही स्फटिक निघाले की युरोपातील संग्रहालयांचे डोळे दिपले. पुणे, नाशिक, जळगाव येथील दगडखाणी आजही जगभरच्या संग्राहकांना असे नमुने पुरवितात, आणि सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात ते पाहावयास मिळतात. गिरडच्या गोट्यांना या मिरवणुकीत जागा मिळाली नाही. स्फटिकाला पूर्ण रूप धरावयास मोकळी जागा लागते. गिरडची पोकळी काठोकाठ भरून गेल्यामुळे तेथे टोके, पैलू, चमक यांस वाव उरला नाही. संग्राहकाला जो दगड नापसंत, तोच यात्रेकरूला प्रिय झाला, कारण त्याला फळाचा आकार हवा होता, स्फटिकाचा नव्हे.

एवढ्यावर थांबले असते तर झिओलाइट हे कपाटातले कौतुकच राहिले असते. परंतु त्याच्या अंगातील पाण्याने शास्त्रज्ञांना स्वस्थ बसू दिले नाही. चुनखडी भाजली की तिचा चुना होतो; तिची ठेवण मोडते. १८४० मध्ये दामूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखविले की झिओलाइटांची गोष्ट निराळी आहे. ते बेताने तापविले तर पाणी निघून जाते, परंतु स्फटिक ढासळत नाही. आणि दमट हवेत ठेवले की ते पाणी परत पिऊन घेतात. जणू घर तेच, भाडेकरू तेवढे जातात-येतात. १८५८ मध्ये आइखहॉर्नने आणखी पुढची गोष्ट सिद्ध केली. मिठाच्या किंवा चुन्याच्या द्रावात झिओलाइट ठेवला असता त्यातील सोडा आणि द्रावातील चुना यांची अदलाबदल होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीत याच गुणाचा उपयोग करून जड पाणी मृदू करण्याचे कृत्रिम द्रव्य बाजारात आले.

१९२५ मध्ये वायगेल आणि स्टाइनहॉफ यांना असे आढळले की निर्जल केलेले कॅबाझाइट पाण्याची आणि मद्यार्काची वाफ शोषून घेते, पण ॲसिटोन, ईथर आणि बेंझिन यांना दाराबाहेर ठेवते. कारण काय? १९३० मध्ये टेलर आणि पॉलिंग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने या कुळातील स्फटिकांची आतील रचना उलगडली, तेव्हा कोडे सुटले. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची एक ताठ जाळी असून तिच्यात ठरावीक मापाची भुयारे आहेत. भुयाराच्या तोंडातून मावेल तोच रेणू आत जाणार. १९३२ मध्ये मॅकबेन यांनी या पदार्थांना ‘रेणूंची चाळणी’ असे सार्थ नाव दिले. घरातील चाळणी रवा आणि पीठ वेगळे करते; ही चाळणी एका वायूला दुसऱ्यापासून वेगळे करते.

निसर्गातील झिओलाइट शुद्ध आणि पुरेसे मिळेना, म्हणून अमेरिकेत रॉबर्ट मिल्टन यांनी १९४९ मध्ये ते प्रयोगशाळेत घडविले, आणि तेथून कारखानदारीचा नवा अध्याय सुरू झाला. तो येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. तथापि दोन-तीन गोष्टी गृहस्थाश्रमी माणसाच्या परिचयाच्या आहेत. कपडे धुण्याच्या पावडरीत पूर्वी फॉस्फेट मुबलक घालीत. सांडपाण्यावाटे ते नद्या-तलावांत जाऊन शेवाळाचे रान माजवू लागले आणि मासे गुदमरू लागले. १९७० नंतर अनेक देशांत त्या फॉस्फेटची जागा कृत्रिम झिओलाइटने घेतली. पाण्यातील चुना धरून ठेवण्याचे काम तो तितक्याच इमानाने करतो. अमेरिकेत थ्री माइल आयलंड येथील अणुभट्टीला १९७९ मध्ये अपघात झाल्यावर दूषित पाण्यातील किरणोत्सर्गी सीझियम काढण्यास झिओलाइटच कामी आला. आणि २०२१ च्या साथीत प्राणवायूची जी लहान यंत्रे घराघरांतून रोग्यांच्या उशाशी ठेवावी लागली, त्यांच्या पोटात झिओलाइटचेच दाणे होते. हवेतील नायट्रोजन ते अडवून धरतात, आणि प्राणवायू पुढे जातो.

अर्थात गिरडचा गोटा उचलून आणला आणि प्राणवायू मिळू लागला, असे कोणी समजू नये. तंतुमय झिओलाइटांची भुयारे फार अरुंद असतात आणि यंत्रातील दाणे हे मुद्दाम त्या कामासाठी घडविलेले असतात. नाते आहे ते कुळाचे.

शाळेच्या प्रयोगशाळेत मात्र या नात्याची खात्री करून घेता येते. अशा गोट्याच्या पांढऱ्या गराचा चिमूटभर चुरा कोरड्या परीक्षानळीत घालून दिव्यावर धरावा. दगड वर्षानुवर्षे उन्हात पडलेला असला, हाताला ठणठणीत कोरडा लागत असला, तरी थोड्याच वेळात नळीच्या वरच्या थंड भागावर धूसर ओल दिसू लागते. मग तिचे बारीक थेंब होतात आणि काचेवरून ओघळतात.